मीठ तेवढं बाजारचं

दचकू नका, मी शेळी बोलतेय. जयपूरकडे बस्सीजवळ आनंदरावांची वाडी आहे ना, तिथली. शाळेची पायरी मी कधी चढले नाही. एकदा फाटकापर्यंत गेले होते, पण ती मेंदीच्या कुंपणासाठी. स्मरण मात्र माझं पक्कं. कोणी पाला दिला आणि कोणी दगड भिरकावला, दोन्ही ध्यानात आहे.

जन्म माझा शेजारच्या सुखदेवजींच्या गोठ्यातला. आनंदराव मूळचे बार्शीचे, रेल्वेत गार्ड. सारी नोकरी जयपुरात झाली, बिऱ्हाड खातीपुऱ्याला. पंच्याऐंशी साली निवृत्त झाले आणि इथे जमिनीचा तुकडा घेऊन बसले. एक खोली, एक विहीर आणि मधोमध एक काटेरी झाड. मग दुधासाठी मला आणलं.

बेत काय थोडाथोडका होता? अंगणात बाजेवर बसून, हातात अजून झेंडी असल्यासारखा हात हलवत ते सांगायचे, "पहिल्या वर्षी दूध. दुसऱ्या वर्षी भाजी. तिसऱ्या वर्षी धान्य. पाचव्या वर्षी बाजारातून फक्त मीठ आणायचं!"

"आणि चहा?" त्यांच्या पत्नी, तारामतीबाई, तांदूळ निवडता निवडता विचारायच्या.

"बरं, चहा."

"मग साखर?"

"तू माझी गाडी रुळावरून उतरवू नकोस!"

तारामतीबाईंनी मात्र एक अट घातली. "तिसऱ्या दिवाळीपर्यंत बघते. घराने घराचं पोट भरलं तर राहू. नाही तर हे विकून बार्शीला, ज्ञानोबाकडे." ज्ञानोबा म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. माझ्याकडे बघून पुढे म्हणाल्या, "आणि ही बस्सीच्या बाजारात."

माझा रवंथ जागच्या जागी थांबला.

पहिल्या वर्षी बाईंनी न्हाणीच्या पाण्यावर केळी आणि अळू लावलं. बार्शीला माहेरी असंच होतं म्हणे! वैशाखात लू, म्हणजे तापलेला वारा, सुटली. अळू भाजलं, केळीची पानं चिंध्या झाली. उरलेली मी खाल्ली. वाया कशाला घालवायची?

"ही शेळी नाही, घरात पाळलेला दुष्काळ आहे," तारामतीबाई म्हणाल्या.

मी मात्र दिवसभर त्या काटेरी झाडाखाली दोन पायांवर उभी राहून पाला ओरबाडत होते. गोड लागायचा. बें बें करून सगळ्यांना सांगितलं, पण माणसांना भाषा कुठे येतात!

दुसऱ्या वर्षी आनंदरावांच्या मनात आंबे आले. कलमांना ऊन हवं, मग हे झाड मध्ये कशाला? ठरलं, दसरा झाला की तोडायचं. खंडेनवमीला त्यांनी कुऱ्हाड घासूनपुसून पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, फूल घातलं. मी खुंट्याला बांधलेली, सगळं बघतेय. माझं ताट कापणारीची पूजा चाललीय आणि मला प्रसादसुद्धा नाही.

दसऱ्याला संध्याकाळी सुखदेवजी ताट घेऊन थेट आमच्या अंगणात आले. झाडाला पाणी घातलं, कुंकू लावलं, दिवा ओवाळला.

"भैया, हे काय?" आनंदरावांनी विचारलं.

"खेजड़ी है, साहब. आज नहीं पूजेंगे तो कब पूजेंगे?"

तारामतीबाई पुढे झाल्या. एक डहाळी वाकवून त्यांनी ती बारीक पानं तळहातावर घेतली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, ही तर शमी! बाबा दसऱ्याला आपट्याबरोबर हीच पानं आणायचे."

"मग इतके दिवस ओळखली नाहीस?"

"ताटातली पानं ओळखते मी. झाड कुठे पाहिलं होतं?"

ज्याची पानं देवाला वाहतात त्यावर कुऱ्हाड कशी चालवायची? आनंदरावांनी ती मुकाट्याने आत नेऊन ठेवली, कुंकवासकट.

त्या थंडीत सुखदेवजींनी फांद्या छाटून पाला वाळवायला शिकवलं. उन्हाळ्यात कोवळ्या शेंगा, सांगऱ्या, काढून सुकवल्या. आणि मग आलं सत्त्याऐंशी साल. पाऊस फिरकलाच नाही. विहीर तळाला गेली. लोक चाऱ्यासाठी वणवण फिरत होते आणि मी खेजडीचा वाळला पाला कुरकुरीत चघळत होते. दोन्ही वेळ तांब्याभर दूध दिलं. उगीच मोठेपणा सांगत नाही, तांब्या बोलत असता तर त्यालाच विचारा म्हटलं असतं.

तिसरी दिवाळी आली आणि ज्ञानोबा बहिणीला न्यायलाच आले. रिकाम्या ट्रंका घेऊन. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचं गिऱ्हाईक बघितलंय ना?" मी चारही पाय घट्ट रोवले.

तारामतीबाईंनी ताट वाढलं. गेल्या साली वाडीत पिकवून राखलेल्या बाजरीची भाकरी, सांगरीची भाजी, माझ्या दुधाचं दही.

"ताई, दुष्काळात हे आणलंस कुठून?"

"अंगणातून."

"सगळं?"

"मीठ तेवढं बाजारचं."

बाजेवर आनंदरावांनी अशी मिशी पुसली की काय सांगू! ज्ञानोबांनी भाजी पुन्हा मागितली, मग पुन्हा. निघताना ट्रंका भरून गेल्या, पण त्यात बहिणीच्या साड्या नव्हत्या, सांगऱ्या होत्या.

आता माझं दूध आटलंय. दात हलतात. माझ्या नाती दूध देतात आणि मी सावली खाते. आनंदराव बाजेवर पुढच्या दहा वर्षांचं बोलतात, गोबरगॅस, मधमाश्या, कायकाय. त्या बेतात माझं नाव नसतं. परवा एक गिऱ्हाईक म्हातारी बकरी विचारत आलं, तर तारामतीबाई चुलीपासूनच ओरडल्या, "ती विकायची नाही! झाड आधी तिनेच ओळखलं होतं."

तर बाबांनो, लांबचे बेत जरूर करा. फक्त तोडायच्या आधी ते कोण खातंय, एवढं बघा. बरं, सरका आता. वारा सुटलाय, शेंगा पडतील.