सोनेरी पट्टीचा ड्रायव्हर

तेरुहिको नागानुमाच्या लायसन्सवर सोनेरी पट्टी होती आणि तिचा त्याला पोटच्या पोरांपेक्षा जास्त अभिमान. पाच वर्षांत एकही गुन्हा नाही, एकही अपघात नाही, अशाच माणसाला टोकियोत ही पट्टी मिळते. तेरुहिकोने ती अठ्ठावीस वर्षं टिकवली होती. टिकणारच. एवढ्या वर्षांत पठ्ठ्याने स्टिअरिंगला हात लावला असेल तर शपथ.

त्याची बायको सायोको अकरा वर्षं टोफूवाल्याची व्हॅन चालवत होती. मागच्या वर्षी थांबायच्या पाटीपाशी चाक पुरतं थांबलं नाही म्हणून पोलिसाने तिची पावती फाडली आणि तिच्या लायसन्सवर निळी पट्टी आली. तेव्हापासून पाहुणे आले की हा दोन्ही लायसन्स शेजारी शेजारी मांडून दाखवायचा. पाहुणे बिचारे माना डोलवायचे, आणि सायोको आतून चहा आणायची.

त्या रविवारी त्याने भाड्याने गाडी घेतली. सायोकोची आई हात्सुए सत्त्याऐंशी वर्षांची. गुडघ्यांमुळे तिला ट्रेन झेपत नव्हती. तिची थोरली बहीण ताने समुद्राकाठी मिसाकीला राहायची. तानेचा मुलगा तिला कायमचं दूर उत्तरेला, सप्पोरोला नेणार होता. दुपारी साडेबाराला ती घर सोडणार. दोघी बहिणी त्याआधी भेटल्या तर भेटल्या. मिसाकी दीड तासावर, आणि वाजले होते साडेआठ.

"दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घालायचं का?" गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या मुलीने विचारलं. नाव नसलेल्याने गाडी चालवली तर विमा लागू होत नाही.

"हिचं? निळी पट्टी आहे हो हिची," तेरुहिको हसत म्हणाला.

सायोकोने तोंड उघडलं आणि मिटलं. चालव ना, चालव, ती मनात म्हणाली. आज तुझी अब्रू जाताना डोळे भरून बघते. ती आईशेजारी मागच्या सीटवर आरामात टेकून बसली.

दुकानातल्या दोघांनी कमरेत वाकून निरोप दिला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकायचं, हा तिथला रिवाज. तेरुहिको पहिल्या चौकात डावीकडे वळला. उजवीकडे जायचं होतं, पण समोरून गाड्या येत होत्या आणि त्यांना कापून जायची छाती त्याच्यात नव्हती. पुन्हा डावीकडे. पुन्हा डावीकडे. आणि समोर तेच दुकान! ती दोघं नुकतीच सरळ झाली होती, ती पुन्हा वाकली. तिसऱ्या फेरीला वाकताना मुलीच्या चेहऱ्यावर स्पष्ट काळजी होती.

"अहो, छान दिसतंय ना दुकान?" सायोको म्हणाली.

"मी रस्त्याचा अंदाज घेतोय."

"घ्या, घ्या. रस्ता कुठे पळून जातोय!"

हात्सुएने विचारलं, "पोहोचू ना गं आपण?"

"पोहोचू की आई. सोनेरी पट्टी आहे आपल्याकडे."

पुढचे अडीच तास तिने असेच चवीने घालवले. हा माणूस सायकलवाल्यांच्या मागून सरपटत होता, हिरव्या सिग्नललाही ब्रेक दाबत होता, आणि द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी जाऊन दोनदा परत फिरला. अखेर सव्वाअकराला त्याने एका दुकानाच्या आवारात गाडी दोन जागा अडवून आडवी लावली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"मला नाही जमत," तो म्हणाला.

हे ऐकायला सायोको वर्षभर थांबली होती. पाच मिनिटांत तिने गाडी दिलेल्या दुकानात फोन करून आपलं नाव नोंदवून घेतलं. फोनवरची मुलगी म्हणाली, "हो, फोनवरही घालता येतं. सकाळी बोलला असतात तर तेव्हाच घातलं असतं."

मग तिने गाडी अशी काढली की तेरुहिको दरवाजाचा दांडा धरूनच बसला. तरी मिसाकीला पोहोचायला पाऊण वाजला. तानेच्या घराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, "पाऊण तास फाटकाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या हो. विमान चुकेल म्हणून मुलाने शेवटी उचलूनच गाडीत बसवलं."

हात्सुए गाडीतून उतरलीच नाही. ती खिडकीतून बंद फाटकाकडे बघत राहिली. तेरुहिको जमिनीपर्यंत वाकून माफी मागू लागला.

"बघ गं आई," सायोको म्हणाली, "याच्या फुशारकीपायी—"

"त्याला गाडी चालवता येत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं," हात्सुए म्हणाली. "तुला ठाऊक होतं."

सायोको तिच्या खिडकीपाशी वाकली.

"सकाळपासून तू माझ्याशेजारी बसून हसत होतीस, सायोको," आई म्हणाली, आणि तिने आपल्या बाजूची काच वर घेतली.