बॅटऱ्यांतल्या गोळ्या

तुम्ही माणसाची अक्कल त्याच्या ड्रॉवरवरून मोजता, साहेब. म्हाताऱ्यांच्या वसाहतीचं कार्यालय चालवता, एकट्या बाईच्या घरी तपासनीस धाडता, आणि पसारा दिसला की ठरवून मोकळे होता: हिला आता झेपत नाही, हलवा हिला सांभाळगृहात. तुमच्या एका फोनपायी एका लेकीने आईचं घर आवरलं. पुढे काय झालं ते ऐका.

लेक औषधांच्या गोदामात कामाला. तिथे गोळ्यांत गोळ्या, बाटल्यांत बाटल्या. एक खोकं इकडचं तिकडे झालं तर बाईला घास गिळत नाही. तुम्ही फोनवर उद्या तपासणी म्हणताच तिने रजा टाकली आणि रिकाम्या डब्यांची पिशवी घेऊन ती आईकडे धावली. आईचा जन्म शिवणकामात गेलेला. अंगाने काडी, बोलायला टोचरी. वसाहतीत सगळे तिला टाचणी म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

पहिला ड्रॉवर अर्ध्यावरच अडला. आत चिमटा आडवा पडला होता. लेकीने बोटं घालून तो कसाबसा सोडवला.

"आई! रक्तदाबाच्या गोळ्या बॅटऱ्यांत?"

"मग? रेडिओ लावायचा, बातम्या ऐकायच्या, गोळी घ्यायची. हल्लीच्या बातम्यांना गोळी लागतेच."

"जुना चष्मा मेणबत्त्यांत कशाला?"

"वीज गेल्यावर चष्म्याशिवाय काडेपेटी तू शोधून देणारेस?"

"आणि ही शेजारच्या काकांची किल्ली गाळणीत अडकलीय!"

"चहा गाळला की त्यांना कपभर नेऊन देते. ठार बहिरा माणूस, बेल वाजवून बोट दुखवून घेऊ का?"

लेकीला हसू आलं, पण तिने पहिला डबा उघडलाच. "उद्या ती तपासनीस बाई हे बघेल आणि तुला घेऊन जातील."

"घेऊन जायला मी काय फ्रिज आहे?" टाचणी फणकारली. मग हळूच म्हणाली, "तिकडे शिवणयंत्र नेऊ देत नाहीत म्हणे." आणि शेवटी, "कर बाई, तुला करायचं ते कर."

लेकीचं तिने असं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं. लेकीने सुकलेली पेनं फेकली, गंजलेल्या सुया फेकल्या. एका बटणाशी मात्र गाडी अडली.

"हे कशाचं?"

"तुझ्या शाळेच्या झग्याचं."

"झगा कुठाय?"

"झगा राहिला नाही. म्हणून तर बटण ठेवलंय."

बटण डब्यात गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या किल्ल्या एका डब्यात, सगळी औषधं दुसऱ्यात, चष्मे तिसऱ्यात, आणि डब्याडब्यावर सुबक चिठ्ठ्या. गोदामाला लाजवेल असं घर झालं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आली. तरुण, गोड बोलणारी. "आजी, सकाळची गोळी कुठली घेता ते दाखवता?"

टाचणीचा हात सरळ रेडिओखालच्या ड्रॉवरकडे गेला. आत नुसत्या बॅटऱ्या, रांगेत उभ्या. हात तिथेच थबकला. तिने दुसरा ड्रॉवर उघडला. चिठ्ठ्या वाचायच्या तर चष्मा हवा, आणि चष्मा कुठल्या डब्यात ते चिठ्ठी वाचल्याशिवाय कळेना. तिसऱ्यात चमचे निघाले. तिचे कान लाल झाले.

"अहो, त्या मी..." लेक पुढे सरसावली.

"ताई, त्यांना शोधू द्या. आजी, कुणी हलवल्या का?"

टाचणीने लेकीकडे पाहिलं. लेकीच्या बोटांना अजून चिठ्ठ्यांचा डिंक चिकटलेला होता.

"मीच ठेवल्या कुठेतरी," टाचणी म्हणाली. "विसरले."

"खोटं बोलतेय ती! मी हलवल्या काल!" लेक ओरडली.

"समजू शकते मी. घरचे सांभाळून घेतातच," बाई मायेने म्हणाली, आणि 'विस्मरण' असा शेरा मारला. जाता जाता वर म्हणते कशी, "बाकी घर अगदी नीटनेटकं आहे हं!"

दार लागलं. लेक जमिनीवर फतकल मारून बसली. "माझं नाव का नाही घेतलंस गं?"

"एवढ्या हौसेने आवरलंस तू. परक्या बाईसमोर तुला तोंडघशी पाडू?"

"अगं, घर जाईल तुझं!"

"ते कळलं मला," टाचणी म्हणाली. "पण तोंडातून तेच निघालं."

लेक उठली. एकेक डबा उचलून तिने ड्रॉवरांत उपडा केला. आई सांगेल तसं ठेवत गेली: गोळ्या बॅटऱ्यांत, चष्मा मेणबत्त्यांत, किल्ली गाळणीत. "इतकं नीट नको ठेवू, हाताला परकं वाटतं," म्हणून दोनदा बोलणीही खाल्ली. मग डोळे पुसून तिने तुमच्या कार्यालयाला फोन लावला. तुम्हीच उचललात.

"साहेब, शेरा चुकलाय. विसरली नाही ती, मी घोळ घातला. आमचे ड्रॉवर परत पहिल्यासारखे पसरलेत. आत्ता या. वाटेल ते मागा तिच्याकडे, अंधार करून मागा. नियम नका सांगू मला. फेरतपासणीला येताय की नाही? हॅलो? हो की नाही, तेवढं बोला."