डाव्या हाताची मूठ

जवळा बाजारचे चाँद पाशा मणियार आपल्या बांगड्यांच्या दुकानात बसल्या बसल्या डाव्या गालावरून काचेची बांगडी फिरवायला लागले, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी आधी कानाडोळा केला. मग गिऱ्हाईक बायकाही थबकून बघू लागल्या. बांगडी उजव्या हातात धरायची, डोळे मिटायचे आणि ती जबड्याच्या काठाकाठानं हळूहळू ओढत न्यायची. मध्येच चेहऱ्यावर हसू यायचं, मध्येच दात आवळले जायचे. त्यांचा डावा हात कोपराखालून गेलेला होता. बायको नजमुन्निसा वारल्यापासून माणूस कामातून गेला, असं कुणी म्हणे. कुणी आवाज खाली घेऊन म्हणे, नजमुन्निसा त्यांच्यापाशी येऊन बसते.

शेवटी तांड्यावरच्या मोतीबाईनं बंगळूरला फोन लावला. ती नजमुन्निसाची जुनी मैत्रीण. चाँद पाशांच्या मुलीला ती म्हणाली, "अंजुम, तुजे उंदरं राहू दे थोडे दिस. बापाकडं ये."

अंजुमचं काम खरोखरच उंदरांचं होतं. उंदराच्या मिशीतल्या एकेका केसासाठी मेंदूच्या वरच्या थरात एकेक जागा नेमलेली असते. एखादा केस कापून टाकला, तर त्याच्या जागेचं पुढं काय होतं, हे ती सूक्ष्मदर्शकातून बघत असे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना बारीक सांध्यांनी जोडलेल्या असतात. जे सांधे वापरात राहतात ते घट्ट होतात, जे वापरात नसतात ते सैल पडतात, गळून जातात. मग शेजारच्या केसांचे सांधे त्या रिकाम्या जागेत शिरतात. हे सगळं तिनं इतक्या वेळा पाहिलं होतं, की त्यात नवल वाटायचं कधीच संपलं होतं.

घरी आल्यावर तिनं अब्बांना ओसरीवर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा त्यांच्या गालाला लावला. बाप-लेक दोघंच असली की घरात दखनी चाले; मोतीबाई असली की तिघांचं मराठीत चाले, आणि मोतीबाई असायचीच.

"कुठं लागलं?" अंजुमनं विचारलं.

"अंगठ्याला."

"कोणत्या?"

"डाव्या."

तिनं बोळा जबड्यावर नेला.

"आता करंगळी," चाँद पाशा म्हणाले.

अंजुमचा बोळा तिथंच थांबला. हे तिनं कितीदा विद्यार्थ्यांना समजावून सांगितलं होतं. पण तो कुणाचा तरी गाल होता, अब्बांचा नव्हता.

"गालाला लावलेलं अंगठ्याला कसं लागंल?" मोतीबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मी म्हणते हे बाहेरचं हाय. झाडून घ्या कुणाकडून तरी."

"मावशी, तुमच्या शेजाऱ्याचं रान पडीक राहिलं तर तुमी काय करता?"

"काय करणार? नांगरताना एखादं तास जास्तीचं हाणते. खोटं काहून बोलू?"

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी बांध कुठं होता ते त्यालाच दिसत न्हाई."

अंजुम हसली. "तसंच झालंय. मेंदूत हाताचं रान आणि तोंडाचं रान बांधाला बांध लागून आहे. हाताकडून काहीच येईना, म्हणून तोंडानं नांगर घातला. पण सातबारा अजून हाताच्याच नावावर आहे. गालाला काही लागलं की खबर त्या रानात पोचते, आणि अब्बांना वाटतं हाताला लागलं."

मोतीबाईनं मान डोलावली. "म्हंजे मेंदू बी आमच्यासारखाच चोरटा."

"असंल," चाँद पाशा म्हणाले. "पण मग ती मूठ काहून उघडत न्हाई?"

नसलेल्या हाताची मूठ वळलेली होती. नखं तळव्यात रुतत होती, आणि त्या तकलिफीला गोळी लागू पडत नव्हती. झोप उडाली होती. माणूस वाळत चालला होता.

त्यावर उपाय अंजुमला ठाऊक होता. आरसा असा उभा करायचा, की उजव्या हाताचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसावं. उजवी मूठ उघडायची. डोळ्यांना दिसतं की डावीच उघडली. मेंदू डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि कधी कधी वेदना सुटते. दुकानातला, गिऱ्हाइकांना हात बघायला ठेवलेला आरसा तिनं घरी आणलासुद्धा.

चाँद पाशांनी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला.

"न्हाई करायचं मला."

"अब्बा, दुखायचं थांबंल."

"दुखू दे." मग ते म्हणाले, "मुठीत तुझी अम्मी हाय."

अपघाताचं, हातांचंसुद्धा, अंजुमला माहीत होतं, पण ते अब्बांच्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं. औंढ्याहून परतताना जीप उलटली. दोघं दोन बाजूंना अडकली आणि मध्ये त्यांचे हात, एकात एक, जीपच्या कडेखाली. माणसं जमेपर्यंत, जीप उचलेपर्यंत ते हात तसेच होते. ती आधी बोलत होती. मग नुसती बोटं दाबत होती. मग तेही थांबलं. नांदेडच्या दवाखान्यात त्यांचा हात काढावा लागला. रिवाजाप्रमाणं तो कापडात गुंडाळून कबरस्तानात आणला, आणि भावकीनं तो नजमुन्निसाच्या शेजारीच पुरला.

"बांगडी गालावरून फिरवली की तिची बोटं बराबर लागतात," ते म्हणाले. "मूठ उघडली की गेली ती."

अंजुमला पुढचंही दिसत होतं. मूठ नाही उघडली, तरी गालाचा नांगर चालूच राहणार होता. हळूहळू सातबाऱ्यावरचं नावही पुसलं जाणार होतं आणि एक दिवस बांगडी नुसती गालालाच लागणार होती. सांगू नये असं तिला वाटलं. पण अब्बांशी ती खोटं बोलत नसे. तिनं सांगितलं.

"मग तोवर राहू दे," चाँद पाशा म्हणाले.

तिला आणखी एक गोष्ट सांगता आली नाही. मघाशी बोळा फिरवताना तिनं तो मध्येच खाली ठेवला होता आणि आपलंच बोट अब्बांच्या जबड्यावर टेकवलं होतं. अम्मीच्या बोटांना लागतंय का काही, हे बघायला. एवढी शिकलेली बाई, आणि तिनं श्वास रोखून वाट पाहिली होती.

मोतीबाई उंबऱ्यातून उठली, ओसरीवर येऊन चाँद पाशांसमोर बसली. तिनं त्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं.

"पाशाभाऊ, तुमी बांगड्या भरायचा तवा माझा हात कसा धरायचा?"

"सैल."

"काहून?"

"आवळून धरला की हाड आडवं येतं, बांगडी पिचते, हात कापतो."

"आता नखं रुतून राहिली म्हणता. तुमच्याच तळव्यात रुतून राहिली व्हय? मधी तिची बोटं असतील का न्हाई?"

चाँद पाशांनी वर पाहिलं.

"सगळ्या बाजाराचे हात धरले, कुणाला ओरखडा येऊ दिला न्हाई," मोतीबाई म्हणाली. "आन् साल झालं, तिचा हात असा आवळून बसलात."

 रस्त्यानं कापसाची गाडी गेली. चाँद पाशांनी खाली मान घालून म्हटलं, "अंजुम, लाव आरसा."

तिनं आरसा लावला. अब्बांची उजवी मूठ त्याच्यासमोर आणली. काचेत डावी मूठ दिसली, तशीच, निबर, मणियाराच्या घट्ट्यांची. 

"हळूच उघडा," अंजुम म्हणाली. "एकेक बोट."

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारची. अंगठा सगळ्यात शेवटी. काचेतला तळवा उघडा पडला आणि चाँद पाशांच्या घशातून एक लांब आवाज निघाला. खांदे सैल झाले. इतक्या दिवसांचं कपाळावरचं आठ्यांचं जाळं अंजुमच्या डोळ्यांदेखत विरलं.

"थांबलं?"

"थांबलं."

आता ते रडतील, असं तिला वाटलं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला उचललासुद्धा. पण ते आरशातल्या उघड्या तळव्याकडं टक लावून बघत होते, दारात कुणी आलंय आणि ओळख पटतेय, तसे.

"अब्बा?"

"मी सोडला," चाँद पाशा हलक्या आवाजात म्हणाले. "तिनं न्हाई सोडला. तिची बोटं अजून लागतात."

मोतीबाईनं पदर तोंडाला लावला. अंजुमनं अब्बांच्या डाव्या गालाकडं पाहिलं. वारा नव्हता. तिथं बांगडी नव्हती, बोळा नव्हता, कुणाचाच हात नव्हता.