दोन जोत्यांमधली राख

वणव्याच्या आदल्या दुपारी बाबा जोते सारवत होते. शेजारचे गुणाजीकाका जेवून आडवे झाले, की बाबांना सारवायची हुक्की यायची. तीन बाजूंना बोटभर थर, काकांच्या बाजूला चांगला वीतभर. काकांचा वार रविवार. आम्ही चर्चमध्ये मिसाला गेलो, की तेही शेणमाती कालवायला घेत. अशी वर्षानुवर्षे दोन्ही जोती फुगत गेली. मधल्या बोळातून पूर्वी बैलगाडी जाई. आताशा कोंबडीही अंग चोरून जाई. दोघे त्यावरून रोज भांडत आणि घसा सुकला की एकमेकांकडे तंबाखू मागत.

दुसऱ्या दिवशी वणवा येऊरचा डोंगर उतरला. वाऱ्याने पेटते गवत आमच्या पेंढ्याच्या छपरांवर आणून टाकले. बाबा ओले पोते घेऊन वर चढले आणि छपरासकट खाली आले. कोणाच्या छपरावरून पडले, हे कोणालाच सांगता येत नाही.

बाबांच्या दफनानंतर म्युनिसिपालटीचे नियम आले. आपापल्या जागेतली राख ज्याने त्याने उचलावी, छपराला कौलेच घालावीत, दोन घरांमध्ये गाडी जाईल एवढी वाट सोडावी. जागेचा वाद असेल तर परवाना नाही. आणि पावसाआधी परवाना नाही, तर आईला घेऊन मला मामाच्या दारात उभे राहावे लागणार होते.

ओव्हरसियर मोजायला आले. दोन्ही जागा स्वच्छ, आणि मधोमध राखेचा लांबलचक ढीग. मी त्याच्या अलीकडे थांबले होते, काका पलीकडे. हा कोणाचा, असे साहेबांनी विचारले. काकांनी बाबांचे, अल्फान्सोचे, नाव घेतले, मी काकांचे. जागेसाठी डोकी फोडणारे पुष्कळ पाहिले, नको म्हणून भांडणारे पहिलेच, असे म्हणत साहेब मोजणीची साखळी गुंडाळू लागले.

मी काकांना हळूच म्हटले, की आईसाठी तरी जागा तुमची म्हणा.

"नाही, बाय. मी घेतली तर अल्फान्सो कबरीतून उठून भांडायला येल."

"मग घ्याच, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिले. मग पाटी उचलली आणि राख भरायला वाकले. साहेबांनी जागा त्यांच्या नावावर मांडली आणि दोघांनाही परवाना दिला.

मी पाटीचा दुसरा कान धरला. दफनाच्या दिवशी सगळे बाबांबद्दल चांगले बोलले होते. मी काहीच बोलले नव्हते.

"बाबा चोर होते, काका," मी म्हणाले. "आणि मला ते फार आवडायचे."