बोडक्या गरुडाचा मुकुट

आगीच्या बंबखान्यावरच्या गरुडाच्या पुतळ्याचा मुकुट कापायला वालेंटी स्रोकाने साफ नकार दिला, तेव्हा तो ऐन तिशीत होता.

"राजेच राहिले नाहीत, मग पाखराला मुकुट कशाला?" नव्या कम्युनिस्ट सरकारकडून आलेला साहेब म्हणाला.

"पोलंडचा गरुड आहे तो, साहेब. कोंबडी नव्हे."

एवढ्यावर त्याला बंबवाल्यांतून हाकललं. करवत दुसऱ्या कुणीतरी चालवली. तेव्हापासून हा हट्टी माणूस दुकानात जातानासुद्धा बंबखान्याचा रस्ता टाळून गावच्या तळ्याला वळसा घालून जायचा. बोडका गरुड त्याला बघवत नसे.

चाळीस वर्षांनी ते राज्य कोसळलं, कायद्याने देशाच्या चिन्हातल्या गरुडाला मुकुट परत मिळाला. तीन मेच्या सकाळी, संविधानदिनाच्या मिरवणुकीआधी, बंबवाल्यांचा तरुण नायक सेवेरिन पितळी मुकुट घेऊन दारात उभा राहिला.

"वालेंटीकाका, चला. हा तुम्हीच बसवायचा."

"मी कोण? शिडीवर गणवेशवालाच चढतो, असा नियम आहे ना तुमचा? माझ्या गणवेशाला कधीच कसर लागली."

सेवेरिनने तिथल्या तिथे आपला कोट उतरवून म्हाताऱ्याच्या अंगावर चढवला.

"जा की रे!" आतून तेओफिला, वालेंटीची बायको, कडाडली. "जन्मभर त्या पाखराचं रडगाणं ऐकलंय मी. आता गुडघ्यांचं नाव काढलंस तर हे बीटाचं सार डोक्यावर ओतीन!"

गुडघे कुरकुरले, पण वालेंटी बंबखान्याची शिडी चढला. वर गेल्यावर मुकुट काही केल्या बसेना. दरवर्षी एक मेच्या कामगार दिनाआधी गरुडाला पांढरा रंग फासायची पद्धत होती, त्या रंगाने डोक्यावरची मुकुटाची खाच पार बुजून गेली होती. त्याने खिशातला चाकू काढला आणि खरवडायला बसला. खाली मिरवणुकीसाठी थांबलेल्या बँडवाल्यांची सगळी गाणी संपली, त्यांनी सरळ लग्नात नाचायची पोल्का सुरू केली.

"काका, गरुड उडून जायच्या आत आटपा!" खालून सेवेरिन ओरडला.

"एवढी घाई असेल तर ये वर!"

रंगाचे पोपडे सेवेरिनच्या सदऱ्यावर पडत राहिले. शेवटी मुकुट खाचेत घट्ट बसला. वालेंटीने हलवून पाहिला, ढिम्म हलला नाही. खाली टोप्या उडाल्या, बायका रडल्या, आणि वालेंटीही सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. डोळे पुसायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

मिरवणूक निघण्याआधी बंबवाल्यांची हजेरी होते. नुसत्या सदऱ्यावर उभ्या सेवेरिनने एकेक नाव पुकारलं. सगळे झाले, तरी तो थांबला नाही. त्याने मान वर केली.

"स्रोका वालेंटी!"

शिडीच्या टोकावर म्हाताऱ्याने टाचा जुळवल्या.

"हजर!"