मागचा डावा कोपरा

गाडीची नाडी बघतात म्हणून त्यांना कुणीतरी ‘वैद्य’ म्हणालं, आणि ते नाव चिकटलं ते कायमचं. गाडी गॅरेजात आली की वैद्य आधी काही विचारायचेच नाहीत. चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने तळहात ठेवायचा, अंगाचा भार टाकून गाडी दाबायची आणि सोडून द्यायची. ती वर कशी येते, कुठे थांबते, एवढ्यावरून चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपची सगळी कुंडली मांडायचे. लॅपटॉप जोडून गाडी तपासणाऱ्यांना म्हणायचे, “तुमचं चालू द्या, मी तोवर चहा पिऊन येतो.”

आज मात्र त्यांचा पाय एका जागी ठरत नव्हता. दुपारी दोनला घाटातली शर्यत होती आणि लेकीची, ठमीची, लाल स्पोर्ट्स कार गॅरेजच्या मधोमध उभी होती. या गाडीचे शॉकअप बटण दाबलं की मऊ होतात, पुन्हा दाबलं की कडक. जावई लॅपटॉप जोडून बसला होता.

“मऊ,” जावई म्हणाला. वैद्यांनी दाबलं.

“कडक.” वैद्यांनी परत दाबलं.

हाताला दोन्ही सारखंच.

“पुन्हा एकदा,” ते म्हणाले.

“बाबा, नववी वेळ आहे ही. चारही चाकं हिरवी दाखवतंय. एकही दोष नाही.”

“लॅपटॉपला वीज पोचली एवढंच कळतं, जावईबापू. आतली झडप हलली का, ते त्याला काय कळणार! पोस्टमन पत्र टाकून गेला म्हणजे घरच्यांनी वाचलंच, असं असतं का?”

जावई हसला. वैद्यांना हसू येईना. ते गाडीभोवती फिरले, वाकून तारा पाहिल्या, फ्यूज काढून परत बसवले. मग गाडी आवारातल्या गतिरोधकावरून दोनदा नेली, एकदा मऊ आणि एकदा कडक. इतक्या सावकाश चालवून कळलं ते एवढंच, की तिथे गतिरोधक आहे. डोळ्यांनी पाहावं तर गाडी आधीच जमिनीला पोट टेकवून बसलेली, दाबल्यावर हलते ती बोटभरसुद्धा नाही. तो फरक पकडायला हातच लागतो.

आणि हात? चार महिने झाले, बोटांची टोकं बधिर झाली होती, आता तळवाही. नट हातातून कधी निसटतो ते तो जमिनीवर वाजल्यावर कळायचं. परवा गरम सायलेन्सरला बोट टेकलं, फोड आला तेव्हा समजलं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, तिला सांगितलं होतं की चष्मा बदलायचा आहे. बाकी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची!

पण आज गाडी बिघडली आहे की हात, हेच कळायला मार्ग नव्हता. गाडी ठणठणीत असेल तर ठीक. नसेल तर? एक कोपरा मऊ राहिला आणि ठमीने भर वेगात वळण घेतलं, तर गाडी गिरकी घेणार, आणि घाटात दरीच्या बाजूला कठडासुद्धा नाही. वैद्यांनी पाणी प्यायलं, अर्धं शर्टावर सांडलं.

तेवढ्यात ठमी आलीच. हेल्मेट काखेत, तोंडात बिस्कीट. घरात, गॅरेजात, शर्यतीच्या मैदानावरही तिला ठमीच म्हणत.

“झालं का, बाबा? बोला, म्हणजे निघते.”

हा त्यांचा रिवाज. तिने लॅपटॉपकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. बाबांनी शेवटचा कोपरा दाबायचा, गाडीवर थाप मारायची आणि म्हणायचं, ‘जा’. मग ती बसायची.

वैद्यांनी थाप मारायला हात उचलला. एक शब्द तर बोलायचा होता. जावईही म्हणत होताच, सगळं ठीक आहे. हात तसाच वर राहिला.

“नको जाऊ,” ते म्हणाले.

“का? काय सापडलं?”

“काही सापडलं नाही गं. मला… मला हाताला काही कळतच नाही. मेलाय हा हात. तू दाबून बघ. मी सांगतो तसं दाब.”

जावई उठून उभा राहिला. ठमीने हेल्मेट खाली ठेवलं, काही न विचारता पुढच्या उजव्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकवले.

“मऊ असलं की वर येऊन किंचित परत बसते. कडक असलं की येते तिथेच थांबते,” वैद्य म्हणाले. जावई लॅपटॉपवरून आळीपाळीने मऊ-कडक करू लागला.

“आहे फरक. चांगला कळतोय.” पुढचा डावा. “इथेही आहे.” मागचा उजवा. “आहे.”

वैद्यांनी श्वास सोडला. म्हणजे गाडी धडधाकट, आपणच भंगारात निघालो! वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना आनंदच झाला.

ठमी मागच्या डाव्या कोपऱ्याशी गेली. दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं.

“आता कडक कर ना,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कडकच आहे.”

“नाही. हा मऊच आहे.”

तिने आणखी चार वेळा दाबलं. जावयाने पडद्याकडे पाहिलं. तिथे अजून चारही चाकं हिरवीच होती. तो लॅपटॉप मिटायला लागला.

“आजची शर्यत गेली,” वैद्य म्हणाले.

“शर्यतीला आग लागो.” ठमी त्यांच्यासमोर आली. तिने त्यांचा उजवा हात हातात घेतला, उलटा करून बोटावरचा फोड पाहिला. “हे कधीपासून?”

“चार महिने.”

तिने मनात हिशोब केला.

“म्हणजे मागच्या महिन्यातल्या शर्यतीला तुम्ही ‘जा’ म्हणालात, तेव्हा कळत होतं हाताला?”

वैद्यांनी इकडेतिकडे पाहिलं. आजवर गाड्यांबद्दल त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नव्हतं, असं ते उठताबसता सांगायचे.

“नव्हतं,” ते म्हणाले.

ठमीने हात सोडला नाही. तिने तो घट्ट धरला आहे की सैल, हे वैद्यांना तिच्या बोटांकडे पाहूनच ओळखावं लागलं.