म्हसे सरांची मोटरची सायकल

विज्ञानाने माणसाला उंचीवर नेऊन ठेवलं, याबद्दल दुमत नाही. राहुरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात श्रीमंत म्हसे नावाचे सर कित्येक वर्षं हेच शिकवत होते. खुद्द सरांना मात्र विज्ञानाने अजून गावाबाहेरच्या टेकडीच्या पहिल्या वळणापलीकडे नेलेलं नव्हतं.

सरांच्या पत्नी सुकन्याबाई शाळेत पी.टी. शिकवायच्या आणि दर रविवारी सकाळी सायकल ग्रुपबरोबर ही टेकडी चढायच्या. वाट म्हणजे सगळा मुरूम, दगडधोंडे आणि अधूनमधून अंगावर येणाऱ्या बाभळी. सरही हौसेने गिअरची सायकल घेऊन ग्रुपात शिरले होते. पण पहिल्या वळणावर सर एकीकडे आणि त्यांचा श्वास दुसरीकडे अशी फारकत व्हायची. मग ते खाली येऊन कडुलिंबाच्या झाडाखाली बसायचे आणि सगळ्यांच्या पिशव्या, बाटल्या, केळी सांभाळायचे. हे काम ते इतकं चोख करत, की ग्रुपाने एकमताने ते त्यांच्याकडे कायमचं सोपवून टाकलं.

वर काय काय असतं, ते सुकन्याबाई खाली आल्यावर सांगत. मुळा धरणाचं पाणी दिसतं, वारा कानात शिट्टी वाजवतो, आज मोर होता. सर केळं सोलत ऐकून घेत. सुरुवातीला निघताना त्या न चुकता विचारायच्या, "येताय ना?" हल्ली विचारणं बंद झालं होतं. पिशवी सरांच्या हातात द्यायची आणि पेडल मारायचं. हे सरांना लागलं. मोराचं त्यांना काही नव्हतं. शेतातला भुईमूग उकरणारे मोर त्यांनी लहानपणी दगड मारून हाकलले होते. पण बायकोच्या शेजारी उभं राहून एकदा तरी ते पाणी बघावं, असं त्यांना फार वाटायचं. असं काही तोंडाने बोलून दाखवायची पद्धत म्हसे घराण्यात नसल्यामुळे त्यांनी सायकलला मोटर बसवायचं ठरवलं.

कुरिअरने खोकं आलं, तेव्हा सुकन्याबाईंना वाटलं मिक्सर आला. आत मागच्या चाकात बसवायची मोटर होती, बॅटरी होती, कंट्रोलर नावाची एक डबी होती आणि हँडलला लावायचा एक्सलेटर होता. सोबतचं माहितीपत्रक चिनी भाषेत होतं. सरांनी ते नीट पाहिलं आणि घडी घालून ठेवून दिलं.

आणि माहितीपत्रक हवं कशाला? सरांचं बालपण विहिरीवरच्या मोटरीशेजारी गेलं होतं. मोटर उलटी फिरायला लागली, की तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल करायची, हे म्हसे घराण्यातल्या पोराला बाराखडीच्या आधी येतं. सरांनी अंगणात सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी केली, चाक बसवलं, वायरी जोडल्या आणि एक्सलेटर पिळला. चाक भिंगरीसारखं फिरलं. पण सरांना ते मागे फिरल्यासारखं वाटलं. खात्री करायला त्यांनी गावाकडे थोरल्या भावाला, गोरक्षला, फोन लावला.

"उलटी फिरती व्हय? मंग दोन वायरी बदल की," गोरक्ष म्हणाला. "एवढ्यासाठी फोन केला? तू तिथं पोरांना काय शिकवतो रं?"

सरांनी दोन वायरी बदलल्या. आता चाक त्यांच्या मनासारखं फिरू लागलं. सायकल उलटी असली की चाकही उलटं दिसतं, हा मुद्दा दोघांच्याही ध्यानात आला नाही. विहिरीवरची मोटर कुणी डोक्यावर उभी करत नाही.

नवी गाडी म्हटल्यावर पूजा आलीच. सुकन्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. शेजारचे शमुवेल काका नारळ घेऊन आले. सर कडक इस्त्रीच्या शर्टात सीटवर बसले, लिंबाकडे पाहून गंभीर झाले आणि त्यांनी एक्सलेटर पिळला.

लिंबू शेवटपर्यंत शाबूत राहिलं. सायकल सरांना घेऊन मागे निघाली. पेडलंही उलटी फिरत सरांच्या नडग्या सडकत होती. आरतीचं ताट सुकन्याबाईंनी कसंबसं वाचवलं आणि सर वाळत घातलेल्या चादरीतून आरपार जाऊन तुळशीच्या कट्ट्याला टेकले.

शमुवेल काकांनी हातातला नारळ फोडायचा की नाही, याचा जरा विचार केला. "सर, काम झकास झालंय," ते म्हणाले. "पुढं जायचा गिअर वेगळा दिलाय का?"

सुकन्याबाई पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. चादर अंगावर घेऊन सरही हसायला लागले. घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांनी झालं होतं. वायरी पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

रविवारी सर कडुलिंबाखाली थांबले नाहीत. पिशव्या झाडाला टांगून सगळ्यांच्या मागोमाग ते चढाला लागले. मोटर भुंग्यासारखी गुणगुणत होती. पहिलं वळण आलं आणि चक्क मागे पडलं. मुरूम फर्रकन उडत होता, दगडांवरून सायकल बोकडासारखी उड्या घेत होती आणि श्वास मात्र जागच्या जागी होता. सरांनी एका डॉक्टरला मागे टाकलं, एका बँक मॅनेजरला मागे टाकलं आणि बायकोच्या बरोबरीला आल्यावर लग्नानंतर पहिल्यांदाच शिट्टी मारली.

पुढच्या सपाटीला दोघं थांबली. सुकन्याबाई घामाने निथळत होत्या. सर मात्र कोरडे होते.

"अहो, मला द्या ना जरा," त्या म्हणाल्या. "एकच चक्कर."

सरांनी दिली. सुकन्याबाईंनी एक्सलेटर पिळला, एक किंकाळी फोडली आणि बाभळींमागे दिसेनाशा झाल्या. किंकाळी बराच वेळ ऐकू येत होती. ती वर वर जात होती.

सरांच्या हातात आता बायकोची साधी सायकल होती. बाई परतण्याचं चिन्ह नव्हतं. मागे टाकलेले डॉक्टर आणि मॅनेजर हळहळ व्यक्त करत पुढे गेले. सवयीने सरांनी सायकलचं तोंड खाली वळवलं. मग थांबले. वर जायचं म्हणून एवढा खटाटोप केला होता. त्यांनी सायकल पुन्हा वळवली आणि दोन्ही हातांनी ढकलत निघाले.

वाटेत टेकडीखालच्या वस्तीवरच्या कडूबाई भेटल्या. शेळ्या हाकत त्या वरच चालल्या होत्या.

"सायकल बिघडली का, भाऊ?"

"नाही. चांगली आहे."

"मंग बसत का न्हाई तिच्यावर?"

सरांनी सायकल आणखी जोरात ढकलली. कडूबाईंनी त्यांना ओच्यातून काढून बोरं दिली. सर बोरं खात, बिया थुंकत, सायकल ढकलत राहिले.

माथ्यावर सुकन्याबाई एका खडकावर बसल्या होत्या. केस विस्कटलेले, चेहरा पोरीसारखा झालेला. सरांना पाहून त्या जरा सरकल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली.

"या," त्या म्हणाल्या. "कधीची वाट बघतेय."

सर बसले. पाणी खरंच दिसत होतं, लांबवर, उन्हात चकाकणारं. वारा कानात शिट्टी वाजवत होता. सुकन्याबाईंनी सरांच्या मुठीतलं शेवटचं बोर काढून घेतलं. पुढच्या रविवारी मोटरची सायकल कुणी घ्यायची, यावर दोघांचं लगेच भांडण सुरू झालं आणि ते बराच वेळ मजेत चाललं.

तसं पाहिलं तर टेकडी पायी चढायला अर्धाच तास लागतो.